घाणेरी काढली तिथे पुन्हा दाट उगवली: स्वयंसेवकांनी परत जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गेल्या वर्षी तुम्ही पंधरा जण एका राष्ट्रीय उद्यानात घाणेरी (लँटाना, बाहेरून येऊन जंगलभर पसरलेलं झुडूप) काढायला स्वयंसेवक म्हणून गेलात. दोन दिवस कोयते चालवले, डोक्याएवढ्या उंचीचे ढीग रचले, दमलात पण खूश होऊन परतलात. यंदा पावसाळा सरल्यावर तीच जागा पाहिली तर घाणेरी कमरेपर्यंत आणि आधीपेक्षा दाट. आता उद्यानाकडून पुन्हा निरोप आला आहे. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारता: या श्रमदानाला काही अर्थ आहे का, त्यापेक्षा तेवढे पैसे देऊन मजुरांकडून काम करून घेतलेलं बरं नाही का, आणि साठी ओलांडलेल्या तुमच्या आईंना यायचं आहे, तर त्यांना नेलं तर चालेल का.

जरूर जा. मात्र नवी जागा देऊ केली तर नको म्हणा आणि गेल्या वर्षीचीच जागा मागून घ्या. पंधरा जणांनी एकदा जाण्याऐवजी पाच-पाच जणांनी वर्षात तीनदा जा. मी आधी स्वयंसेवक होते, नंतर स्वयंसेवकांच्या तुकड्या हाताळायला लागले. एवढं एक पथ्य पाळलं तर बाकीच्या बऱ्याच उणिवा भरून निघतात, असं माझं ठाम मत झालं आहे.

झुडूप काढणं हा या कामातला सोपा भाग. ते निघालं की जमिनीवर ऊन पोचतं, माती हललेली असते, आणि नेमक्या या दोन गोष्टींची वाट बघत मातीत पडलेलं बी बहुतेक त्याच झुडपाचं असतं. म्हणजे पहिल्या साफसफाईने तुम्ही घाणेरीच्या पुढच्या पिढीला जागा करून देता. त्या पिढीला फळ धरण्याआधी कुणी काढलं, तर जागा हळूहळू सुटते. कुणी काढलं नाही, तर तुम्ही पाहिलंत तेच होतं. पुढची तीन-चार वर्षं लक्ष कोण ठेवणार, हे ठरलेलं नसेल तर पहिली तोडणी न केलेलीच बरी, असंसुद्धा मी उद्यानवाल्यांना सांगते. ते फारसं कुणाला आवडत नाही.

आता तुमच्या जागेबद्दल. मी ती पाहिलेली नाही, त्यामुळे नक्की काय झालं ते सांगू शकत नाही, पण कसं ओळखायचं ते सांगते. तिथे पोचलात की पहिला अर्धा तास काहीही उपटू नका, नुसतं वाकून बघत फिरा. जुन्या बुंध्यापासून झुपक्याने जाड, सरळसोट फुटवे आलेले दिसले, तर तोडणी जमिनीच्या वर झाली होती. मोकळ्या मातीत सारख्या उंचीची बारीक रोपं दाटीने उगवलेली दिसली, तर ते मातीतलं बी आहे. आणि मोठ्या झाडांच्या खाली तेवढी रोपं जमलेली आहेत, मधली जमीन त्या मानाने मोकळी आहे, असं दिसलं तर ते पक्ष्यांचं काम. बुलबुलासारखे पक्षी फळं खातात आणि फांदीवर बसून बी खाली टाकतात. बहुतेक जागी तिन्ही थोडं थोडं असतं. पण तुम्ही ‘कमरेपर्यंत’ म्हणालात म्हणून माझा अंदाज पहिल्या प्रकाराकडे झुकतो. बियांपासून आलेलं रोप एका पावसाळ्यात सहसा तेवढं वाढत नाही. जमिनीत जुनं मूळ शाबूत असेल, तर त्यातल्या साठ्यावर फुटवा झपाट्याने उंच होतो.

तसं असेल तर दोष तुमच्या मेहनतीचा नाही, हत्याराचा आहे. घाणेरीवर नुसता कोयता चालवला म्हणजे तिची छाटणी केल्यासारखंच होतं. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात या झुडपाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं की फुटवे येतात ते खोड आणि मूळ जिथे जोडले जातात त्या जमिनीलगतच्या पट्ट्यातून. त्या पट्ट्याच्या खाली, मातीत साधारण तीन ते पाच सेंटीमीटरवर, कुदळीने मुख्य मूळ तोडलं की उरलेलं मूळ सहसा पुन्हा फुटत नाही. मग अख्खं झुडूप उचलायचं आणि उलटं ठेवायचं, मुळाकडचा भाग वर. तसं केलं नाही तर ओल्या मातीला टेकलेला भाग पुन्हा मुळं धरतो. या पद्धतीत पूर्ण मूळ खणून काढावं लागत नाही, म्हणून माती कमी हलते. मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण हललेली माती हे पुढच्या बियांना दिलेलं आमंत्रण असतं. त्याच पद्धतीचा दुसरा अर्धा भाग लोक सोयीने विसरतात: नंतरची काही वर्षं, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली, उगवणारी रोपं नियमाने काढत राहायचं.

तुमचे गेल्या वर्षीचे ढीगही बघून घ्या. खालच्या थरातल्या फांद्या ओल धरून रुजलेल्या असू शकतात. मात्र ढिगात हात घालू नका; वर्षभर पडून असलेला फांद्यांचा ढीग ही सापाची आवडती जागा असते. लांब काठीने हलवा, मग बघा. नवे ढीग रचताना खडकावर किंवा वाळक्या लाकडांच्या आधारावर रचा, म्हणजे हवा खेळेल. आणि पिकली फळं लगडलेल्या फांद्या स्वच्छ भागातून ओढत नेऊ नका. वाटेभर बी सांडतं आणि पुढच्या वर्षी वाटेभर घाणेरी उगवते.

रोपांचा भाग आला की काम कंटाळवाणं होतं, हे आधीच सांगून ठेवते. ढीग दिसत नाहीत, फोटो चांगले येत नाहीत. गुडघे टेकून, एक-दोन वीत उंचीची रोपं बुडाशी धरायची, थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि सरळ वर ओढायचं. खोडाच्या मध्यावर धरून ओढलं तर तुटतं आणि मूळ आत राहतं. निघाल्यावर भोक बोटांनी दाबून बुजवायचं, पालापाचोळा परत त्यावर सरकवायचा. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हा हेच रोप दोन बोटांनी निघतं. माती कडक झाली की त्यालाच कुदळ लागते. अडचण अशी की भारतातल्या बऱ्याच व्याघ्र प्रकल्पांचे गाभा भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतात, म्हणजे जेव्हा उपटणं सगळ्यात सोपं तेव्हा आत जाता येत नाही. म्हणून उघडल्याबरोबरची पहिली भेट महत्त्वाची. मातीत ओल असते आणि रोपं अजून लाकडी झालेली नसतात. तारीख तुम्हाला निवडता येत असेल तर हीच निवडा, थंडीतली लांब सुट्टी नको.

इथपर्यंत सगळं घाणेरीबद्दल बोलले. दुसरं झाड असेल तर उत्तर बदलतं, कधी पार उलटं होतं. कुठल्याही उद्यानात जाण्याआधी त्या वनस्पतीबद्दल दोन गोष्टी विचारा: तुटल्यावर ती फुटते का, आणि तिचं बी मातीत किती वर्षं जिवंत राहतं.

आपल्या तेरड्याचा एक नातेवाईक हिमालयातून शोभेचं झाड म्हणून १८३९ मध्ये इंग्लंडला नेला गेला, आणि आता तिथले नदीकाठ त्याने भरले आहेत. त्याच्या शेंगा हात लागताच फुटतात आणि बी सात मीटरपर्यंत उडतं, त्यामुळे तो भयंकर वाटतो. पण तो वर्षायू आहे, मूळ उथळ असतं, लहान मूलही उपटू शकतं, आणि बी जेमतेम दोन वर्षं टिकतं. म्हणजे फुलं येण्याच्या सुमाराला, शेंगा धरण्याआधी, लागोपाठ दोन-तीन वर्षं सगळी रोपं काढली आणि वरच्या अंगाने नदीतून नवं बी आलं नाही, तर जागा खरंच सुटते. स्वयंसेवकांसाठी यापेक्षा चांगलं काम नाही. याच्या उलट जपानी नॉटवीड. तिच्या जमिनीतल्या खोडाचा ग्रॅमभराहून लहान तुकडाही नवं झाड उभं करू शकतो. पंधरा उत्साही माणसांनी ती खणली तर ती कमी होत नाही, पसरते. तिथे स्वयंसेवकाने हात न लावणं हीच मदत. नेपाळमधल्या चितवनमध्ये गेंड्यांच्या गवताळ भागावर पसरलेली मिकेनिया नावाची वेल अशाच जातीची: पेरापेराला मुळं फुटतात, त्यामुळे तोडलेले तुकडे जिथे पडतील तिथे ती रुजते. उत्तर अमेरिकेतल्या उद्यानांत गार्लिक मस्टर्ड नावाचं तण काढायला दर वसंतात स्वयंसेवक जातात. त्याचं वैशिष्ट्य असं की फुलावर आलेलं रोप उपटून तसंच टाकलं तरी त्यावर बी तयार होऊ शकतं, म्हणून ते पिशवीत भरून बाहेर न्यावं लागतं.

आणि गॉर्स. या काटेरी पिवळ्या फुलांच्या झुडपाचं बी मातीत तीस वर्षं आणि त्याहूनही जास्त टिकतं. न्यूझीलंडमधल्या बँक्स द्वीपकल्पावर हिनेवाई नावाचं राखीव जंगल आहे. तिथे ह्यू विल्सन यांनी १९८७ पासून गॉर्सचे मोठे पट्टे मुद्दाम तोडले नाहीत. गॉर्सला ऊन लागतं. तिच्या सावलीत स्थानिक झाडांची रोपं वाढली, तिच्या वर गेली आणि सावलीनेच ती दबली. सगळीकडे हे चालत नाही. त्याला तसा पाऊस लागतो, जवळपास बी देणारं जुनं जंगल लागतं, आणि आग व गुरं दूर ठेवावी लागतात. तरी आक्रमक झाड दिसलं की तोडलंच पाहिजे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना मी हे उदाहरण सांगतेच.

कुठून सुरुवात करायची, हा पुढचा मुद्दा. यात नव्या माणसाचं मन नेमकं चुकीच्या दिशेने ओढलं जातं. जिथे झाडी सगळ्यात दाट, तिथे तुटून पडावंसं वाटतं. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणींनी १९६० च्या दशकात आपल्या परिसरातल्या जंगलात याच्या बरोबर उलट करून दाखवलं. आधी जिथे मूळचं जंगल चांगलं आहे आणि तण तुरळक आहे, तिथलं तण काढायचं. मग चांगल्या भागाकडून वाईट भागाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची. आणि मूळची झाडं ज्या वेगाने मोकळी जागा भरतील, त्याच वेगाने पुढे जायचं, अधिक साफ करायचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्वयंसेवी गटांचं बरंचसं काम आजही या विचारावर उभं आहे. यामागचं कारण साधं आहे. चांगल्या भागाच्या कडेला मोकळी केलेली जागा शेजारच्या स्थानिक झाडांच्या बियांनी आणि मुळांनी भरून निघते, तुम्हाला काही लावावं लागत नाही. दाट घाणेरीच्या पोटात केलेल्या मोकळ्या जागेला चारही बाजूंनी घाणेरीच भरते.

तेव्हा तुमची जागा पुन्हा घेताना तिची कोणती कड चांगल्या जंगलाला लागून आहे ते बघा आणि त्या कडेपासून काम करा. सगळा भाग एका भेटीत झाला नाही तरी चालेल. आवाका आधीच मान्य केलेला बरा. भारतातल्या वाघांच्या प्रदेशातल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी पसरली असल्याचं २०२० च्या एका अभ्यासात दाखवलं आहे. एवढ्या पसाऱ्यात ‘उद्यान घाणेरीमुक्त करू’ असं म्हणणाऱ्या मोहिमेवर माझा विश्वास बसत नाही. एक पाणवठा, एक गवताळ तुकडा, एखाद्या दुर्मिळ झाडाभोवतीची जागा, असं काही निवडून ते राखणं जमतं.

काढण्याची घाई नको म्हणते त्याला आणखी एक कारण आहे. दाट घाणेरी वाईट असली तरी ती आज कुणाचा तरी आडोसा असते. तिच्यात पक्ष्यांची घरटी असतात, छोटी जनावरं लपतात, मोठीही दिवसा पडून राहतात. एकदम मोठा पट्टा उघडा केला की हे सगळं उघड्यावर येतं, आणि उतारावर असेल तर पहिल्याच जोराच्या पावसात माती वाहते. पट्ट्यापट्ट्याने, मध्ये जागा सोडत काढलेलं बरं. घरटं दिसलं तर ते झुडूप तसंच ठेवून पुढे जा. ते पुढच्या भेटीत काढता येईल. आणि काढलेल्या जागी दुसरं तण येतंय का, यावर डोळा ठेवा. घाणेरी गेली आणि रानमोडी आली, किंवा गाजर गवत आलं, असं हमखास होतं. दोघांचं बी बारीक, हलकं, आणि मोकळी माती दिसली की रुजणारं.

आता पैशांचा प्रश्न. तुम्ही तो प्रामाणिकपणे विचारला आहे, म्हणून उत्तरही तसंच देते. पहिली मोठी तोडणी कुशल, पगारी माणसांनी केलेली चांगली. दक्षिण आफ्रिकेत १९९५ मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तो याच विचाराने: पाणी पिऊन टाकणारी परदेशी झाडं काढायची आणि त्या कामातून गरीब कुटुंबांना रोजगार द्यायचा. रोज कुदळ चालवणारा माणूस तुमच्या पंधरा जणांपेक्षा सफाईने मुळं तोडतो, यात लाजण्यासारखं काही नाही. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या लोकांना या झाडांची माहितीही आपल्यापेक्षा जास्त असते. कर्नाटकातल्या मलई महादेश्वर डोंगरात तिथल्या लोकांनी घाणेरीच्या फांद्यांपासून खुर्च्या-टेबलं बनवायला सुरुवात केली, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यामुळे उद्यानाकडे किंवा तिथे काम करणाऱ्या एखाद्या विश्वासार्ह संस्थेकडे मजुरीसाठी पैसे देता येत असतील, तर अवश्य द्या.

पण पैसा सहसा पहिल्या तोडणीसाठी मंजूर होतो. ती दिसते, मोजता येते, हेक्टरांत लिहिता येते. तिसऱ्या वर्षी चार तास गुडघ्यांवर बसून रोपं वेचण्याला निधी मागणं अवघड जातं. स्वयंसेवकाची जागा तिथे आहे. तिथे ताकद लागत नाही, ओळख आणि चिकाटी लागते, आणि त्यामुळे कुणाचा रोजगारही बुडत नाही. उद्यानाने तुम्हाला ‘यंदा नवीन पाच हेक्टर घेऊ’ म्हटलं तर विचारा की गेल्या वर्षीच्या क्षेत्रावर कोण जातंय. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून तो कार्यक्रम कसा आहे ते कळतं. मोठी फी घेऊन, राहण्या-फिरण्यासकट दोन तासांचं श्रमदान विकणाऱ्या सहलीही निघाल्या आहेत. सहल म्हणून जायचं तर जा; तिला काम समजू नका.

आपल्या मनाने उठून जाऊ नका, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, पण वाचणारे इतरही आहेत. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून कुठलीही वनस्पती परवानगीशिवाय काढता येत नाही. ती परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पातळीवरची असते. परकी वनस्पती काढली म्हणून सूट मिळत नाही. इतर देशांतही नियम याच धर्तीचे आहेत. परवानगी घेतानाच अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हे लिहून घ्या. अमेरिकेत १९७० पासून राष्ट्रीय उद्यानांच्या स्वयंसेवकांसाठी कायद्याने रीतसर सोय आहे आणि कामात इजा झाली तर त्यांना संरक्षण मिळतं. सगळीकडे तसं नसतं. तणनाशकाचं काम, म्हणजे तोडलेल्या खोडावर औषध लावणं वगैरे, कुणी तुमच्या हातात दिलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्याला प्रशिक्षण आणि वेगळी परवानगी लागते.

कुणीतरी विचारेलच की या झाडांवर त्यांना खाणारे कीटक सोडता येत नाहीत का. निवडुंगाच्या बाबतीत ते झालं आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन निवडुंगाने व्यापली होती. १९२६ पासून अर्जेंटिनातून आणलेला एक पतंग मोठ्या प्रमाणावर सोडला गेला आणि त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत तो बहुतेक संपवला. घाणेरीवर मात्र १९०२ मध्ये हवाईत पहिले कीटक सोडल्यापासून अनेक देशांनी प्रयत्न केले आणि बऱ्याच ठिकाणी ती त्यांना पुरून उरली. शिवाय हा निर्णय सरकारी संस्थांचा असतो, अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर घेतलेला. तुमच्या माझ्या हातात कुदळच आहे.

जाण्याआधीची एक गोष्ट बहुतेक गट करत नाहीत. बूट, मोजे, पँटच्या दुमडी, पाठपिशवीचे तळ आणि हत्यारं घरीच घासून स्वच्छ करा, आणि परतताना उद्यानाच्या दारात पुन्हा. २००७-०८ च्या हंगामात अंटार्क्टिकाला गेलेल्या लोकांचे कपडे आणि सामान संशोधकांनी तपासलं, तेव्हा ज्यांच्याकडे बी सापडलं त्यांच्याकडे माणशी सरासरी साडेनऊ बिया निघाल्या. तण काढायला जाणारा माणूस तणाच्या बियांतूनच चालत येतो, त्याच्याकडे त्याहून कमी असतील असं मला वाटत नाही. न्यूझीलंडमधल्या कौरी नावाच्या झाडांच्या जंगलांतल्या वाटांवर बूट धुण्याची ठाणी याच कारणाने आहेत. तिथे मातीबरोबर झाडं मारणारा रोग पसरतो.

ओळखीबद्दल माझा नियम कडक आहे: ओळख पटली नाही तर हात लावायचा नाही. मोठी घाणेरी सगळ्यांना कळते. खोड चौकोनी, पानं समोरासमोर आणि खरखरीत, चुरगळली की उग्र वास. पण बोटभर रोपात हे सगळं स्पष्ट नसतं आणि समोरासमोर पानांची स्थानिक रोपंही शेजारीच उगवलेली असतात. सकाळी कामाला लागण्याआधी जाणकाराकडून घाणेरीची पाच आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या स्थानिक झाडांची पाच रोपं दाखवून घ्या. शंका आली तर शेजारी काठी रोवून पुढे जा, जाणकार येऊन बघेल. अशा काठ्या जास्त दिसल्या तर मला बरं वाटतं. माणसं बघून काम करताहेत असा त्याचा अर्थ.

नोंदी ठेवा, पण झेपतील एवढ्याच. एखादा खडक किंवा ठळक झाड ठरवून दर भेटीत तिथेच उभं राहून त्याच दिशेने एक फोटो काढा. चार-पाच ठिकाणी मीटरभर लांब-रुंद चौकोन आखा आणि त्यातली घाणेरीची रोपं आणि इतर रोपं मोजून लिहा. उपटण्याआधी मोजायचं, नंतर नाही. किती किलो काढलं, किती ढीग झाले, हे आकडे उद्यानाला बातमीसाठी लागतात, तुम्हाला त्यांचा उपयोग नाही. चौकोनातला घाणेरीचा आकडा दर वर्षी उतरतोय आणि दुसरा चढतोय का, एवढंच बघायचं. दोन वर्षांत तो उतरला नाही तर बी बाहेरून येतंय असं समजा आणि आसपासची फळं धरणारी झुडपं शोधायला लागा.

राहता राहिल्या तुमच्या आई. त्यांना न्या. कुदळीचं काम त्यांना देऊ नका, उतारावर नेऊ नका, पण वर सांगितलेलं रोपं वेचण्याचं काम बसून करता येतं. गुडघे दुखत असतील तर लहान स्टूल न्या. बागेत खुरपं चालवायची सवय असलेली माणसं रोपं ओळखण्यात पटकन तयार होतात, असा माझा अनुभव आहे. नोंदवही आणि काठ्यांचा हिशेबही त्यांच्याकडे देता येईल. जिथे गाजर गवत असेल तिथे मात्र आधी विचारून घ्या. त्याने कातडीवर पुरळ उठतं, परागकणांनी दमा बळावतो, आणि ज्यांना ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांनी त्या भागात जाऊच नये, वय काहीही असो. लांब बाह्यांचे जाड कपडे, कातडी हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट सगळ्यांनाच हवेत; घाणेरीच्या खोडावर बारीक काटे असतात आणि रस लागला की काहींना खाज सुटते. वेडी बाभूळ असलेल्या भागात तर पातळ तळव्याचे बूट घालून कुणालाच उतरू देऊ नका, काटा आरपार जातो आणि जखम चिघळते. धनुर्वाताची लस घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ती घेऊन टाका, आईंनीही आणि तुम्हीही.